1 जून, अर्धी हजेरी आणि 548-डी

आज 1 जून. सकाळपासून फेसबुक सांगतंय की माझ्यासकट माझ्या यादीतल्या एकतीस जणांचा आज वाढदिवस आहे. त्यातले बहुतेक मराठवाड्यातले. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पोरगं शाळेच्या दारात उभं राहिलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं झालं, आणि रजिस्टरात जन्मतारीख 1 जून. आईबापाला तारीख विचारायची पद्धत नव्हती आणि विचारली असती तरी त्यांना सांगता आली नसती.

शुभेच्छा देणाऱ्या सगळ्यांचे आभार. पण तारीख खोटी आहे. माझी खरी तारीख कुणालाच माहीत नाही. जागा मात्र पक्की माहीत आहे. गेल्या महिन्यात दुचाकीवर एकटाच तिथं जाऊन आलो. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. पोस्ट लांब आहे. 4 तारखेला निकाल लागेपर्यंत कुणाचं कामात लक्ष नाहीच, तेवढ्यात वाचून घ्या.

सुरुवात आखितीपासून करतो.

यंदा अक्षय्य तृतीया 10 मेला, शुक्रवारी होती. आई गेल्यानंतरची पहिली आखिती. आमच्याकडं या दिवशी पितरांच्या नावानं मातीचा करा पाण्यानं भरून ठेवतात. आमरस, कुरडया, पोळ्या असतात, पण मुख्य मान पाण्याचा. मेलेल्या माणसाला उन्हाळ्यात तहान लागते अशी श्रद्धा. दुष्काळी भागातच असला सण टिकू शकतो.

मोशीच्या आमच्या सोसायटीत शुक्रवार हा बिनपाण्याचा वार होता. पिंपरी-चिंचवडला 25 नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड येतं. पवना धरण शंभर टक्के भरलं तरी दिवसाआडच. मधल्या दिवसाची भरपाई टँकरनं होते आणि त्या पाण्याला वास मारत होता. मग बायकोनं वीस लिटरच्या जारचं पाणी कऱ्यात ओतलं. मी समोर बसून बघत होतो. जिनं उभा जन्म पाण्यापायी पायपीट केली, तिच्या नावाचं पाणी आम्ही दुकानातून विकत आणलं होतं.

त्याच दुपारी गावाहून चुलतभावाचा फोन आला. आमच्या वाट्याची तीन एकर जमीन आहे, तिला तालुक्याच्या गावचा एक गिऱ्हाईक होता. "इसार द्यायला तयार आहे, तू एकदा येऊन जा." घरी सगळ्यांचं ठरलेलंच होतं. फ्लॅटचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत, पोरीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे, आणि त्या जमिनीतून गेल्या पाच वर्षांत आम्हाला पोतंभर तूरसुद्धा आलेली नाही. सोमवारी 13 तारखेला मतदानाची सुट्टी होती. शनिवार-रविवारात जाऊन यायचं ठरवलं. जमिनीचे कागद पिशवीत घातले, टाकी फुल केली आणि पहाटे साडेचारला निघालो.

आता रस्त्याबद्दल. चाकणच्या तळेगाव चौकात रोज अर्धा-पाऊण तास अडकणाऱ्या तुमच्यापैकी किती जणांना त्या रस्त्याचा नंबर माहीत आहे? राष्ट्रीय महामार्ग 548-डी. तळेगाव दाभाड्याहून निघतो, चाकण, शिक्रापूर, न्हावरे, काष्टी, श्रीगोंदा, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाईला जातो.  म्हणजे आपल्या कंपन्यांच्या गेटसमोरून जाणारा रस्ता थेट आमच्या तालुक्यात जातो. बत्तीस वर्षं या पट्ट्यात काढली, पण हे मला दोन वर्षांपूर्वी नवा बोर्ड लागल्यावर कळलं. तोवर गावाला जायचं म्हणजे भोसरीतून रात्रीची ट्रॅव्हल्स, पडदा ओढायचा आणि डोळे उघडले की गाव. मधलं काही बघितलेलंच नव्हतं.

मोशीच्या पुढं इंद्रायणीचा पूल लागतो. पहाटेच्या उजेडात नदीवर पांढरा फेस दिसत होता. पाणी आहे, पण हात घालवत नाही असं. चाकणचा चौक त्या वेळी मोकळा होता, तिसऱ्या पाळीच्या बसगाड्या तेवढ्या परतत होत्या. शेलपिंपळगावला भीमेचा पूल ओलांडला तेव्हा तांबडं फुटलं.

शिक्रापूरला डावी-उजवीकडं नगर रस्ता सोडून सरळ न्हावऱ्याकडं निघालं की दहा-पंधरा किलोमीटरमध्ये झाडांचा रंगच बदलतो. आपल्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. इथं शिरूर तालुक्यात येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात, पाचशेच्या आसपास पडला तरी बरं. 31 ऑक्टोबर 2023 ला सरकारनं राज्यात 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत आमचं अंबाजोगाई होतं आणि हे शिरूरही होतं. चाकणपासून तासाभराच्या अंतरावर दुष्काळ सुरू होतो, आणि आपण मात्र दुष्काळ म्हटलं की मराठवाड्याकडं बोट दाखवतो.

न्हावऱ्याच्या पुढं इनामगाव लागलं. घोड नदीकाठी. इथं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, म्हणजे सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. त्या माणसांनी नदीच्या पुराचं पाणी अडवायला बांध घातला होता आणि पाण्यासाठी चर खोदला होता. पुढं हवामान कोरडं होत गेलं. घरं लहान झाली, शेती आटली, माणसं जनावरांमागं फिरायला लागली आणि इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास गाव उठलं. कारण दुष्काळच असावा असं उत्खनन करणाऱ्यांचं मत.

मी टपरीवर चहा घेत होतो. समोर शेत होतं, पुरातत्त्वाचं काही दिसत नव्हतं. पण मनात आलं, या रस्त्यावरून पाण्यापायी गाव सोडणारा मी पहिला नाही. तीन हजार वर्षांची परंपरा आहे आपली. फक्त तेव्हा पुढं चाकण नव्हतं.

काष्टी, श्रीगोंदा इथं पुन्हा हिरवं दिसलं. घोडचं आणि कुकडीचं पाणी कालव्यानं येतं, ऊस उभा आहे, कारखाने आहेत. पाऊस तेवढाच, पाच-सहाशेचा. म्हणजे एकाच पावसात एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला टँकर. फरक कालव्याचा. हे चित्र पुढं दिवसभर डोक्यात राहिलं.

जामखेडला अकरा वाजले. ऊन चाळीसच्या घरातलं. हेल्मेटच्या आत वाफ धरली होती. एका हॉटेलात भजी-चहा घेतला. गाडीचा एमएच-14 नंबर बघून शेजारचा माणूस म्हणाला, "भोसरी का चाकण?"

म्हटलं, "राहतो मोशीला, कंपनी चाकणला."

"माझं पोरगंबी तिकडंच हाय. बारा तास काम. कायम करत्यात का हो?"

काय सांगणार? मी 1992 साली आयटीआय करून आलो तेव्हा दर सात महिन्यांनी ब्रेक मिळायचा. ब्रेक म्हणजे नोकरी गेली असं नाही म्हणायचं, ब्रेक मिळाला म्हणायचं. अकरा वर्षांत चार कंपन्या झाल्या, मग कुठं कायम झालो. आता तेही नाही. आता ठेकेदार असतो आणि पोराला स्वतःच्या कंपनीचं नाव विचारलं तर तो ठेकेदाराचं सांगतो. त्या माणसाला म्हटलं, "चिकाटी धरली तर होतं." खोटं बोललो असं नाही, पण खरं बोललो असंही नाही.

जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. कालच त्यांची जयंती झाली. देशभर घाट, विहिरी, बारवा बांधणारी बाई या कोरड्या मुलखात जन्मली, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. पाण्याची किंमत जन्मगावात कळली असणार.

जामखेडच्या पुढं बालाघाटचा डोंगर चढायला लागतो. सौताड्याचा धबधबा पावसाळ्यात बघायला लांबून लोक येतात, मे महिन्यात तिथं नुसता काळा कडा असतो. पाटोद्याचा माळ लागला. दोन्ही बाजूंना दगड, खुरटी बाभूळ, आणि मध्येच बंद घरांची वस्ती. काही घरं नुकतीच उघडलेली. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आलेली. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता जातो तो उन्हाळ्यात परततो. ज्या तालुक्यात प्यायला पाणी नाही तिथली माणसं सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक तोडायला दुसरीकडं जातात.

त्या माळावर मैलोन्‌मैल माणूस दिसत नव्हता. डांबर वितळल्यासारखं चमकत होतं, पुढं पाण्याचं तळं असल्याचा भास व्हायचा आणि जवळ गेलं की नाहीसं व्हायचं. मृगजळ. शाळेत शिकलो होतो की महाराष्ट्रात वाळवंट नाही. हेल्मेटच्या आतून तरी पटलं नसतं.

पण आकडे बघा. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्या बीड जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या आसपास. तिप्पट. आणि त्या दोनशे मिलिमीटरमध्ये जैसलमेरच्या पालीवालांनी शेकडो वर्षांपूर्वी खडीन नावाचे बांध घालून, वाहतं पाणी शेतात अडवून गहू-हरभरा पिकवला. तेव्हा आमचं वाळवंट देवानं केलेलं नाही. आम्ही आणि आमच्यावर राज्य करणाऱ्यांनी मिळून केलंय.

मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात उगम पावते. पुढं केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे, लातूर शहर त्याच्या भरवशावर. 2016 साली ते धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे 12 एप्रिलला लातूरला पोचली. माणसांना घेऊन जाणारी रेल्वे आमच्या केज-अंबाजोगाईनं अजून बघितली नाही. शेजारच्या जिल्ह्यात पाण्याला आधी तिकीट मिळालं.

साडेतीनला गावात पोचलो.

आता जन्माची गोष्ट. आई सांगायची ती अशी. बहात्तरच्या दुष्काळात गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांच्यावर माणसं जगली. मे 1973 मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्याच अनुभवातून पुढं 1977 साली महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा झाला आणि त्याच्या वाटेनं 2005 साली देशाचा. त्या 50 लाखांतली एक माझी आई. दिवस भरलेले असताना टोपलं वाहत होती. दुपारी कळा सुरू झाल्या. कामावरच्या बायकांनी बाभळीखाली लुगडी आडवी धरली आणि मी झालो. संध्याकाळी मुकादमानं मस्टर भरलं. आईच्या नावापुढं त्या दिवशी अर्धी हजेरी.

हे ती हसत सांगायची. "दिसभर तिथंच व्हते की रं मी, तरी अर्धीच लावली." माझ्या जन्माची जी काही सरकारी नोंद कधी झाली असेल ती एवढीच. ते मस्टर आता कुठल्या दप्तरात धूळ खात असेल, नाहीतर वाळवीनं खाल्लं असेल. 1 जून मात्र आधारकार्डापासून पेन्शनच्या फॉर्मपर्यंत सगळीकडं आहे.

तात्यांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या ओट्यावर बसलो. पंच्याऐंशीच्या पुढं आहेत. तेही त्या तलावावर होते. त्यांचा पहिला प्रश्न, "मतदानाला आलास व्हय?"

प्रश्न बरोबर होता. आमचं बीड आणि तुमचं-माझं शिरूर, दोन्हीकडं 13 तारखेलाच मतदान. पुण्याहून गाड्या भरून माणसं येणार, जेवणासकट, ही गावात चर्चा होतीच. म्हटलं, "नाही तात्या, माझं नाव भोसरीच्या यादीत आहे."

"मग एकलाच कशापायी आलास एवढ्या उन्हाचा?"

जमिनीचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात चौकात टँकर आला. ओट्यावर बसल्या जागेवरून बायका-पोरं घागरी घेऊन पळताना दिसली. विहिरीत पाणी सोडतात आणि मग जो तो शेंदतो. वहिनी दोन घागरी घेऊन परत आल्या, घामानं निथळत. विचारलं, "रोज येतो का?"

"रोज कुठला? दिवसाआड."

मला हसू आलं. म्हटलं, "तात्या, आमच्याकडंबी दिवसाआडच येतं पाणी. अन् मधल्या दिवशी टँकर."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. थट्टा करतोय का खरं बोलतोय याचा अंदाज घेतला असावा. मग म्हणाले, "मग गेलास कशापायी?"

मित्रांनो, यावर माझ्याकडं उत्तरं होती. पगार, पोरांच्या शाळा, दवाखाना. ती सगळी खरी आहेत आणि मी गाव सोडल्याचा मला पस्तावा नाही. पण पाण्यापायी गाव सोडलं असं मी बत्तीस वर्षं सांगत आलो होतो. आईही तेच सांगायची. त्या एका वाक्यापुरतं उत्तर नव्हतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तलावावर गेलो. बांध अजून धड आहे. दगडी पिचिंग जागच्या जागी. यंत्राशिवाय, डोक्यावर माती वाहून घातलेला बांध एकावन्न वर्षांत कुठं खचलेला नाही. आत पाण्याचा थेंब नव्हता. तळाला भेगाळलेला गाळ. हाताच्या बोटांनी उकरला, आत पुन्हा गाळच. ज्या बाभळीखाली जन्मलो ती बाभूळ कुठली ते तात्यांनाही सांगता आलं नाही.

पाझर तलाव हा कालव्यासाठी नसतो हे शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. त्यातलं पाणी जमिनीत मुरायचं असतं, म्हणजे खालच्या विहिरींना झरे फुटतात. गाळानं तळ लिंपला की पाणी मुरत नाही, उन्हानं उडून जातं. आमचा तलाव गाळानं लिंपला. खालच्या विहिरी, त्यात आमच्या तीन एकरातलीही, आटल्या. मग बोअर आले. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी 60 मीटर, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जायला मनाई आहे. गावात सहाशे फुटांच्या वर कुणी बोलतच नाही. ज्याच्याकडं पैसा, त्याचा बोअर खोल. ज्याचा बोअर खोल, त्याचा ऊस. बाकीच्यांना टँकर.

आणि हे सगळं सरकारनं केलं असं म्हणून मला सुटता येत नाही. सरकारनं तलाव दिला होता. धरणातला आणि तलावातला गाळ काढायची योजनाही 2017 पासून आहे, यंत्राला मदत मिळते, गाळ मात्र शेतकऱ्यानं स्वतः वाहून न्यायचा ही त्यातली मूळ अट. तात्या म्हणाले, "कागद करायला कुणी तरी तालुक्याला जावं लागतंय. शिकली-सवरलेली समदी तुमच्याकडं हायत. इथं राहिलेत ते आमच्यासारखे."

आमच्या गावची भोसरी, मोशी, चिखली आणि चाकण मिळून चाळीसेक घरं आहेत. त्यात दोन सिव्हिल इंजिनिअर, एक जेसीबीवाला, कंपन्यांत फिटर, वेल्डर, सुपरवायझर कितीतरी. वर्षातून एकदा जत्रेला गाड्या घेऊन जातो, मंदिराच्या कळसाला वर्गणी देतो, पाटीवर नाव लागतं. तलावाला कुणी वर्गणी मागितली नाही आणि आम्ही दिली नाही.

रात्री गच्चीवर पडलो. वर आभाळ भरून चांदण्या. चुलतभाऊ शेजारी होता. म्हणाला, "उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय." मी म्हटलं, "पावसाळा जाऊ दे." तो चिडला. त्याचंही बरोबर आहे, त्याच्या वाट्याची जमीन लागून आहे, एकत्र विकली तर भाव येतो. मी जमीन वाचवली वगैरे लिहिलं तर तुम्ही टाळ्या वाजवाल, म्हणून खरं सांगतो. वाचवलेली नाही, थांबवली आहे. हप्ते तसेच आहेत. बायको चार दिवस धड बोलली नाही. दिवाळीला काय होईल ते आत्ता सांगता येत नाही.

रविवारी पहाटे निघालो. परतीच्या वाटेवर एकच हिशोब करत होतो. माझ्या नळाला दिवसाआड का होईना जे पाणी येतं, ते कुणाचं?

पवनेचं. ते पाणी बंद नळातून आणायच्या योजनेला मावळात विरोध झाला आणि 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर झालेल्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्या वर्षी मी मोशीत फ्लॅट बुक केला. ब्रोशरवर लिहिलं होतं, चोवीस तास पाणी. आंद्र्याचं पाणी येतं, भामा-आसखेडची वाट बघतोय, तिथंही धरणात गावं गेलेली माणसं अजून हक्कासाठी भांडतात. आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरतो हे आमच्या सोसायटीत एकालाही माहीत नाही. मीही सोसायटीच्या कमिटीत आहे, मीही कधी विचारलं नव्हतं. मराठवाड्यातला माणूस इथं येऊन मावळ-खेडच्या शेतकऱ्याचं पाणी पितो आणि दुष्काळ मागं टाकून आलो असं समजतो. आम्ही दुष्काळातून बाहेर पडलो नाही. टँकरच्या रांगेत पुढं सरकलो, एवढंच.

ही आकडेवारी ध्यानात घ्या. 2001 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड दहा लाखांचं होतं, 2011 ला सव्वासतरा लाखांचं. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. माणसं मोजलेली नाहीत आणि पाण्याचा हिशोब चाललाय. इमारतींना परवानग्या मिळतातच आहेत.

सोमवारी मतदान केलं. बोटाला शाई लागली. रांगेत माझ्या पुढं-मागं उभे असलेल्यांची बोली ऐकली. लातूर, परभणी, जळगाव, सोलापूर. प्रचारात आमच्याकडं पाण्यावर कोण काय बोललं ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. तिकडं बीडमध्ये तर पाण्याचा विषयच मागं पडला होता. दोन्ही मतदारसंघांत टँकर दिवसाआड, आणि दोन्हीकडं प्रचार दुसऱ्याच गोष्टींचा.

म्हणून आता महापालिका निवडणुकीच्या वेळी दारात येणाऱ्याला मी तीन गोष्टी विचारणार आहे. एक, मैलापाणी शुद्ध करून नदीत सोडता, ते एमआयडीसीतल्या कारखान्यांना आणि बांधकामांना सक्तीनं का देत नाही, म्हणजे धरणाचं पाणी प्यायला उरेल? दोन, पावसाचं पाणी जिरवण्याच्या अटीवर सोसायट्यांना परवानगी मिळते, ते खड्डे खरंच चालू आहेत का हे कुणी तपासतं का? आमच्या सोसायटीतला खड्डा मी परवा उघडून बघितला. त्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या. तीन, टँकरचं पाणी कुठून येतं याची नोंद लोकांसमोर का नाही?

तुम्हीही विचारा. उत्तर नाही मिळालं तरी विचारणाऱ्यांची संख्या त्यांना कळते.

गावचं सांगून संपवतो. 14 तारखेला आमच्या गावकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तलावाच्या तळाचा फोटो टाकला. आधी दोन दिवस नुसते हात जोडलेले आणि रडके चेहरे आले. तिसऱ्या दिवशी जेसीबीवाल्यानं लिहिलं, "मशीन माझं, डिझेल तुमचं." योजनेचा कागद यंदा वेळेत होणार नव्हता, तो पुढच्या वर्षासाठी दिलाय. यंदा वर्गणी. चाळीस घरांतल्या सव्वीस घरांनी दिली. 22 मेला काम सुरू झालं, आज अकरावा दिवस. तळाचा जेमतेम चौथा हिस्सा झालाय. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे ते गाळ शेतात नेतायत. चिडलेल्या चुलतभावानं तीस खेपा नेल्या, आमच्या तीन एकरातही टाकल्या, मला न विचारता.

7 तारखेला मृग निघतो. तोवर जेवढं होईल तेवढं. पाणी साचेल का, मुरेल का, विहिरीला झरा फुटेल का, हे दिवाळीला कळेल आणि जे असेल ते इथंच लिहीन, चांगलं-वाईट.

आज तात्यांना फोन केला होता. वाढदिवस आहे म्हटलं, ते हसले. म्हणाले, "तुझा वाढदिवस आज नसतोय. रोहिण्या निघायच्या आधी झालास तू, मोप ऊन व्हतं." म्हणजे मी तिथं गेलो होतो, तेव्हाच्या आसपास कधीतरी एकावन्न पुरी झाली.

548-डीवरच्या दोस्तांनो, तुमचं जन्मगाव कुठलं आणि तिथला तलाव आज कसा आहे, कमेंटमध्ये लिहा. माहीत नसेल तर घरी फोन करून विचारा. वाढदिवसाची भेट म्हणून मला तेवढं पुरे.